निळा रंग नेमका कधी गेला? लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग करण्याची रीत

डिसेंबर उजाडला की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरी अकरावी-बारावीची मुलं प्रॅक्टिकलची वही घेऊन येऊ लागतात. त्यातला एक प्रयोग दरवर्षी हमखास बिघडलेला असतो, तो म्हणजे लाळेतल्या अमायलेजवर तापमानाचा आणि पीएचचा (आम्ल-अल्कलीच्या मापाचा) परिणाम. स्टार्चला आयोडीन लागलं की निळा रंग येतो, आणि अमायलेजने स्टार्च तोडून संपवलं की तो येत नाही. वहीत तक्ता असतो: बर्फ, वीस मिनिटं, रंग गेला. खोलीचं तापमान, वीस मिनिटं, रंग गेला. ३७ अंश, वीस मिनिटं, रंग गेला. आणि खाली निष्कर्ष, ‘३७ अंशाला सर्वांत चांगलं काम होतं’. आकडे एक सांगतात, निष्कर्ष दुसराच. विचारलं तर उत्तर येतं, ‘काका, गाइडमें ऐसा ही लिखा है.’

प्रयोग अवघड नाही. घरच्या ओट्यावर दोन-अडीच तासांत होतो. बिघडतो तो क्रम चुकल्यामुळे.

आधी हे ठरवा: मोजायचं काय?

स्टार्च आणि पाणी यांच्यापासून माल्टोज ही साखर तयार होते. अमायलेज, म्हणजे लाळेतलं विकर किंवा एन्झाइम, ही क्रिया घडायला लागणारी ऊर्जेची चढण कमी करतं. क्रिया शेवटी कुठे जाऊन थांबणार, म्हणजे तिचा समतोल कुठे, हे मात्र ते ठरवत नाही. ते तापमान आणि पदार्थांचं प्रमाण यांवर ठरतं.

ग्वाल्हेरहून झाशी साधारण शंभर किलोमीटर. पॅसेंजरने जा की शताब्दीने, झाशी जागची हलत नाही. दुसऱ्या दिवशी झाशीच्या फलाटावर उभं राहून ‘कोण कुठल्या गाडीने आलं’ हे सांगता येईल का? वीस मिनिटांनी नळ्या बघणारी मुलं नेमकं हेच करत असतात. तोवर ३७ अंशाची नळी पोचून बसलेली असते आणि मागची धिमी नळीही पोचते. आपल्याला हवी असते प्रत्येकाची पोचण्याची वेळ. म्हणून दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब काढून बघायचा, आणि निळा रंग येणं कधी थांबतं ती वेळ लिहायची.

१. सामान मांडणं

काचेच्या दहा-बारा परीक्षानळ्या, सुई नसलेल्या ५ मिली आणि १ मिलीच्या सिरिंज, तीन-चार ड्रॉपर, कॉर्नफ्लोअर, मीठ, टिंक्चर आयोडीन, पीएच पेपर, मोबाइलमधलं स्टॉपवॉच. शाळेत खळग्यांची पांढरी टाइल मिळते. घरी चिनीमातीची पांढरी बशी चालते. कोऱ्या कागदावर थेंब टाकू नका. बऱ्याच कागदांना स्टार्चची खळ दिलेली असते, तो कागदच आयोडीनने निळा पडतो आणि तुम्ही तासभर लाळेला दोष देत बसता.

थर्मामीटर प्रयोगशाळेचा हवा, ० ते ११० अंशांचा. तापाचा थर्मामीटर फक्त ३५ ते ४२ अंश दाखवतो. काचेचा असेल तर उकळत्या पाण्यात फुटतो, आणि आत पारा असला तर मग प्रयोग राहतो बाजूला.

२. स्टार्चचं पाणी

१ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, म्हणजे लहान चमचा अर्ध्याहून थोडा कमी. ते आधी दोन चमचे थंड पाण्यात कालवा. दुसरीकडे साधारण ९० मिली पाणी उकळा आणि उकळत्या पाण्यात ते कालवलेलं हळूहळू ढवळत ओता. दोन मिनिटं उकळू द्या. पिठल्यासारखंच आहे, कोरडं पीठ थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आतलं स्टार्च एन्झाइमला सापडत नाही. शेवटी चिमूटभर मीठ घाला, अर्धा ग्रॅमपर्यंत, आणि थंड पाणी घालून १०० मिली करा.

मीठ विसरू नका. लाळेतल्या अमायलेजला नीट काम करायला क्लोराइड आयन लागतो. लाळ आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात पातळ केली की तिचा स्वतःचा क्लोराइडही पातळ होतो आणि प्रयोग विनाकारण रेंगाळतो.

पाणी पूर्ण निवू द्या. गरम स्टार्चमध्ये आयोडीनचा निळा रंग फिका पडतो किंवा जातोच, आणि निवलं की परत येतो. उतावळेपणाने गरम नळीत आयोडीन टाकून ‘स्टार्च संपलं’ असं लिहिणारे दरवर्षी दोघं-तिघं भेटतात.

*तपासा:* निवलेल्या पाण्याचा एक थेंब, आयोडीनचा एक थेंब. गडद निळा-काळा रंग यायलाच हवा. नसेल तर पुढे जाऊ नका.

३. लाळ

खाऊन अर्धा तास झालेला असावा. साध्या पाण्याने दोनदा चूळ भरा. मग तोंडात थोडं पाणी धरून, किंवा समोरच्या बशीतल्या कचोरीकडे नुसतं बघून, जी लाळ सुटेल ती स्वच्छ कपात जमवा. कापसाच्या बोळ्यातून गाळा. १ मिली लाळेत ९ मिली पाणी घालून हलवा आणि वापरेपर्यंत बर्फावर ठेवा. ताजी लाळच वापरा, कालची नको.

*सावधान:* लाळ स्वतःची वापरायची. दुसऱ्याची हाताळायची नाही आणि पिपेट तोंडाने ओढायचं नाही.

आता तो टप्पा, जो गाइडमध्ये नसतो. खरा प्रयोग सुरू करण्याआधी एक रंगीत तालीम करा. ३७ अंशाला ५ मिली स्टार्च, १ मिली ही पातळ लाळ, आणि निळा रंग किती वेळात जातो ते बघा. तीन ते सहा मिनिटं लागली तर उत्तम. एका मिनिटात गेला तर लाळ जास्त आहे: अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बघणाऱ्याला एक मिनिट मोजताना निम्म्याची चूक होऊ शकते. मग ती लाळ आणखी दुप्पट-चौपट पातळ करा. पंधरा मिनिटांनीही निळाच राहिला तर १ मिली लाळेत ४ मिली पाणी असं घट्ट करा. एकदा प्रमाण ठरलं की सगळा साठा एकदम बनवा आणि सगळ्या नळ्यांना तोच वापरा.

मैत्रिणीच्या वहीतली वेळ तुमच्याशी जुळणार नाही, ती जुळवायला जाऊ नका. लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात आणि एन्झाइमचं प्रमाणही त्याबरोबर बदलतं. तुलना होते ती एकाच लाळेच्या दोन नळ्यांची.

४. आयोडीन

टिंक्चर पाण्यात एवढंच पातळ करा की रंग बिनदुधाच्या हलक्या चहासारखा दिसेल. जास्त गडद ठेवलं तर आयोडीनच्या तपकिरीत शेवटचा जांभळट रंग झाकला जातो, फार फिकं केलं तर निळा वेळेआधीच गेल्यासारखा वाटतो. बशीवर सारख्या आकाराचे चाळीसेक थेंब ओळीने आधीच टाकून ठेवा.

आयोडीन नळीत कधीही घालायचं नाही. नळीतला थेंब बाहेर काढून आयोडीनवर टाकायचा. नळीत घातलेलं आयोडीन स्टार्चला धरून बसतं, एन्झाइमच्या कामात अडथळा आणतं, आणि जो वेग मोजायचा तोच बदलून जातो.

५. साक्षीदार नळ्या

तीन नळ्या वेगळ्या ठेवा. पहिलीत स्टार्च आणि लाळेऐवजी पाणी. दुसरीत स्टार्च आणि पाच मिनिटं उकळून निववलेली लाळ. तिसरीत नुसती पातळ लाळ आणि पाणी. पहिल्या दोन शेवटपर्यंत निळा रंग देतील, तिसरी कधीच देणार नाही. पहिलीतला रंग जाऊ लागला तर नळी किंवा ड्रॉपर नीट धुतलेला नव्हता, लाळेचा अंश राहिला होता. तसं झालं तर पुढचे सगळे आकडे टाकून द्या.

पहिली नळी तोंडी परीक्षेतही कामाला येते. तिच्यातही स्टार्च आहे, पाणी आहे, मीठ आहे, जायची जागा तीच आहे. तरीही ती दिवसभर निळीच राहते, कारण एन्झाइमशिवाय वेग जवळजवळ शून्य.

६. पाण्याची पातेली

इथे ग्वाल्हेरकरांनी जास्त लक्ष द्यायला हवं. ‘खोलीचं तापमान’ हे शब्द वहीत लिहायचे नाहीत. पुस्तकं ज्या गावात लिहिली जातात तिथे खोली २५ अंशांची असेल. आमच्याकडे मे-जूनमध्ये दुपारी ४४-४५ अंश होतात आणि जानेवारीच्या पहाटे ५-६. उन्हाळ्यात ‘खोलीची’ नळी ३७ अंशाच्या नळीच्या बरोबरीला येते, आणि थंडीत तीच बर्फाच्या नळीची धाकटी बहीण होते. थर्मामीटर लावा आणि आकडा लिहा. १३ असेल तर १३, ३९ असेल तर ३९.

पाच जागा करा:

बर्फ आणि पाणी यांचं मिश्रण. नुसते बर्फाचे खडे नकोत, नळीला सगळीकडून थंड पाणी लागलं पाहिजे.

खोलीतलं पाणी, मोजलेलं.

३७ अंश.

६० अंश.

उकळतं पाणी.

३७ आणि ६० साठी मोठं पातेलं घ्या, म्हणजे आपल्याकडचा भगोना. वाटीभर पाणी जानेवारीत दहा मिनिटांत निवतं. पाच लिटर पाणी, भोवती जुना टॉवेल, शेजारी गरम पाण्याचा तांब्या, आणि अर्धा-एक अंश उतरलं की थोडं घालायचं. थर्मामीटर पातेल्यात बुडवून समाधान मानू नका. साध्या पाण्याची एक नळी पातेल्यात ठेवा आणि तिच्या आतलं तापमान वाचा. बाहेर ३७ आणि आत ३१ हे अगदी नेहमीचं.

सगळ्यांत मोठी चूक याच पायरीवर होते. मुलं थंड स्टार्चमध्ये थंड लाळ मिसळतात आणि मग नळी पातेल्यात सोडतात. पहिली दोन-तीन मिनिटं ती नळी नुसती गरम होत असते. स्टार्चची नळी वेगळी, लाळेची नळी वेगळी, दोन्ही त्याच पाण्यात पाच मिनिटं ठेवायच्या, आणि *त्यानंतर* मिसळायच्या.

*तपासा:* नळी मुठीत धरून उभे आहात का? तळहात तिशीच्या वर असतो. बर्फातली नळी वरच्या कडेलाच धरा.

७. मिसळणं आणि घड्याळ

एका वेळी एकच नळी. दोन नळ्या एकत्र चालवायचा मोह होतो, मग थेंब चुकतात.

क. मिसळण्याआधी स्टार्चचा एक थेंब पहिल्या आयोडीनवर. हा शून्य मिनिटाचा निळा, पुढची तुलना याच्याशी.

ख. १ मिली लाळ ५ मिली स्टार्चमध्ये घाला आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करा. नळी एकदाच हलवा आणि परत पाण्यात ठेवा.

ग. दर ३० सेकंदांनी एक थेंब पुढच्या आयोडीनवर. त्या नळीचा ड्रॉपर तिचाच. तो आयोडीनला टेकवायचा नाही, वरून थेंब सोडायचा.

घ. रंग बघा: निळा-काळा, मग जांभळा, मग लालसर तपकिरी, आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा. ही स्टार्चची साखळी तुटत जाण्याची खूण आहे. लांब वेटोळ्यात आयोडीन शिरतं तेव्हा निळा दिसतो, तुकडे लहान झाले की तांबूस, आणखी लहान झाले की काहीच नाही. पिवळा सलग दोन थेंबांना आला की त्यांतल्या पहिल्याची वेळ लिहा.

ङ. वीस मिनिटं झाली आणि निळाच आहे, तर ‘२० मिनिटांत नाही’ असं लिहा. ‘कधीच नाही’ लिहायचा अधिकार अजून मिळालेला नाही.

तो मिळतो पुढच्या पायरीवर. बर्फाची नळी आणि उकळत्या पाण्यातली नळी, दोन्ही निळ्या. वरवर एकसारख्या. दोन्ही उचला आणि ३७ अंशाच्या पाण्यात ठेवा. पंधरा मिनिटांत बर्फाची नळी जागी होते, रंग जातो. उकळलेली निळीच राहते. थंडीने एन्झाइम मंदावलं होतं, त्याची घडी, म्हणजे रेणूचा दुमडलेला आकार, शाबूत होती. उष्णतेने घडीच मोडली. ही एक जोडी दाखवली की परीक्षक पुढचे दोन प्रश्न विचारतच नाहीत.

६० अंशाची नळी त्रास देते आणि मला ती सर्वांत आवडते. काहींची पूर्ण निळी राहते, काहींची जांभळ्यावर येऊन अडकते आणि पुढे सरकत नाही. मुलांना वाटतं प्रयोग फसला. फसलेला नसतो. वाढत्या उष्णतेने वेग वाढतो आणि त्याच उष्णतेने एन्झाइम मोडतही असतं, दोन्ही एकाच वेळी. बरंचसं अंतर झपाट्याने कापून ही गाडी झाशीच्या अलीकडे दतियालाच बंद पडली. लाळ पाच मिनिटं आधी ६० अंशात ठेवलीत तर बहुतेक एन्झाइम मिसळण्याआधीच मेलेलं असतं, एकच मिनिट ठेवलीत तर बरंच शिल्लक असतं. म्हणून किती वेळ आधी तापवली ते वहीत लिहा.

८. पीएचचा भाग

इथे तापमान ३७ अंश पक्कं धरायचं आणि फक्त पीएच बदलायचा: साधारण ५, ६.८ आणि ८. शाळेत बफरच्या, म्हणजे पीएच ठरावीक राखणाऱ्या, गोळ्या मिळतात, त्या सर्वांत सोप्या. घरी ५ साठी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये खायचा सोडा चिमटीचिमटीने घाला, फेस बसू द्या, आणि पीएच पेपर ५ दाखवेल तिथे थांबा. ८ साठी खायच्या सोड्याचं पातळ पाणी. मधल्यासाठी गोळी नसेल तर साधं पाणी, पेपरने तपासून. प्रत्येक नळीत स्टार्च ५ मिली, हे पाणी २ मिली, लाळ १ मिली.

*सावधान, लिंबू नको.* घरात पहिला हात लिंबाकडेच जातो. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं. थेंब टाकताच पिवळा-निळा दोन्ही गायब, आणि वहीत ‘आम्लात अमायलेज सर्वांत जलद’ असं लिहिलं जातं. एका वर्षी एका मुलीने हा शोध मोठ्या अभिमानाने मला दाखवला होता. लाळ न घालताही तिचा रंग जात होता, तेव्हा कुठे उलगडलं.

*सावधान, धुण्याचा सोडाही नको.* तो फार तीव्र अल्कली आहे आणि आयोडीनला खाऊन टाकतो. पुन्हा तोच फसवा रंगहीन थेंब.

*तपासा:* प्रत्येक पीएचसाठी लाळेशिवाय स्टार्च, ते पाणी आणि आयोडीन असा एक थेंब बघा. तिन्हीकडे निळा आलाच पाहिजे.

९. आकडे मांडणं

आलेखात वेळ काढू नका, वेग काढा. वेळ जितकी कमी तितका वेग जास्त, म्हणून १००० ला सेकंदांनी भागा. समजा ३७ अंशाला १८० सेकंद लागले, तर ५.६. २७ अंशाला ३६० लागले, तर २.८. दहा अंश उतरल्यावर वेग साधारण निम्मा होणं हे अपेक्षितच आहे. मात्र हा ठोकताळा ३७ च्या खालच्या बाजूलाच चालतो, वरच्या बाजूला एन्झाइम मोडू लागतं. ३७ अंशात परतूनही निळी राहिलेल्या नळीचा वेग शून्य. बर्फाच्या नळीपुढे शून्य लिहू नका, ‘५० मिनिटांत जाईल’ असा अंदाजही नको, ‘२० मिनिटांत नाही’ एवढंच.

आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर वेग. पाच बिंदूंतून गोंडस घंटाकृती वक्र काढायची हौस आवरा. बिंदू आहेत तिथे ठेवा आणि हाताने जोडा.

१०. वहीत काय लिहू नये

‘एन्झाइममुळे जास्त साखर तयार होते.’ लवकर होते, जास्त नाही.

‘एन्झाइम फक्त पुढची क्रिया करतं.’ समतोलाकडे जाण्याच्या दोन्ही दिशा ते सारख्याच पटीने जलद करतं. रक्तातल्या तांबड्या पेशींमधलं कार्बोनिक अनहायड्रेज बघा: शरीरभर जिथे कार्बन डायऑक्साइड जास्त तिथे त्याचं बायकार्बोनेट करतं, फुप्फुसात जिथे तो बाहेर पडत असतो तिथे उलटं. एन्झाइम तेच, दिशा प्रमाणानुसार. त्याचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात उलाढाल करतो.

‘३७ अंश सगळ्या एन्झाइमना उत्तम.’ गरम झऱ्यांतल्या जीवाणूंची एन्झाइम ७० अंशांच्या वरही चालतात.

‘बर्फाने एन्झाइम नष्ट होतं.’ सातवी पायरी परत वाचा.

११. धुणं

लाळ लागलेल्या नळ्या आणि ड्रॉपर साबणाने धुऊन दहा मिनिटं पाण्यात उकळा, नाहीतर उरलेलं अमायलेज पुढच्या वेळची साक्षीदार नळी बिघडवतं. प्लास्टिकच्या सिरिंज फेकून द्या. बशी पुन्हा जेवणाला घेऊ नका, प्रयोगासाठीच बाजूला ठेवा. आणि युनिफॉर्मच्या बाहीवर आयोडीनचा डाग पडला असेल तर आठव्या पायरीवर हाकललेलं ते लिंबू आता आणा, डागावर चोळा आणि लगेच पाण्याने धुवा.